रोज एक बादली

४ एप्रिल, शनिवार

ही वही नातीने आणली. म्हणाली, "आजी, दिवसभर माझ्यावर तोंड टाकतेस, त्यातलं निम्मं ह्यात लिही. मला काम करू दे."

मी चौथीत शाळा सोडली, गुरुजींनी सुटकेचा श्वास घेतला. तरी अक्षर नातीपेक्षा बरं आहे. ती लिहिते ते मुंग्या शाईत पडून चालल्यासारखं.

आता लिहायचं ते असं. आमच्या रिकाम्या गोठ्यात सहा महिन्यांपासून बोट होते आहे. शिडाची, सोळा फूट लांब. भुसा भाकरीच्या डब्यात जातो, ते चिकट रसायन लावते त्याचा वास उशीत जातो. तीस तारखेला तपासनीस येऊन बोट पास की नापास सांगणार. पास झाली तर मोठ्या तळ्यावर शिडाच्या बोटी शिकवायची शाळा आहे, तिथे हिला नोकरी. स्वतःची, पास झालेली बोट आणेल त्यालाच घेतात म्हणे. मोठं तळं इथून सहा तासांवर. नापास झाली तर सध्या सकाळी जाते त्या प्लायवूडच्या दुकानात दिवसभर उभी राहील.

मला काय, दोन्ही सारखंच. गेली तर गोठा मोकळा होईल आणि जेवायला हाका मारून माझा घसा बसणार नाही.

६ एप्रिल, सोमवार

आज बोटीच्या पोटात पाणी भरलं. बाहेरून पाणी आत येऊ नये म्हणून सहा महिने डिंक फासला, आणि आज हिने आपणहून नळी लावून आत पाणी सोडलं. मी सुताराकडे बघितलं. हा सुतार शेजारचा, लाकूड उचलायला येतो आणि चहा प्यायला राहतो. तो म्हणाला, "माझ्याकडे बघू नका, मी नुसता फळ्या धरतो."

मग नातीने समजावलं. बोटीच्या तळाशी, बसायच्या फळीखाली, बुटकी रुंद टाकी आहे. बारा बादल्या मावतात. शिडात वारा भरला की बोट एका अंगाला कलते. तळाशी वजन असेल तर ते तिला परत सरळ करतं.

"मग दगड घाल की."

"दगड रस्त्याने ओढून न्यावे लागतात, आजी. पाणी तळ्यातच असतं. तिथे भरायचं, निघताना सोडून द्यायचं."

"पण पाण्यात पाण्याचं वजन ते काय?"

हा प्रश्न तिला आवडला. तोंडातली पेन्सिल काढून म्हणाली, "रिकामी बोट पाण्यावर ताटलीसारखी बसते. जरा धक्का लागला की पालथी. टाकी भरली की ती पाण्यात खाली बसते, वजन तळाशी जातं. मग कलली की ते वजनच तिला मागे खेचतं."

म्हणजे बूड जड असलं की बाई पडत नाही. हे मला सांगायला बोट कशाला पाहिजे.

टाकीच्या बाजूला एक पारदर्शक नळी उभी लावली आहे, आत पाणी किती ते दिसतं. नळीवर पेन्सिलची रेघ मारली. आता तीन आठवडे भरून ठेवणार आणि गळते का ते बघणार.

९ एप्रिल, गुरुवार

गोठ्यामागचा दुधीचा वेल पाण्यावाचून मान टाकत होता. नळ अंगणाच्या पार त्या टोकाला, पाणी येतं करंगळीएवढं, आणि माझा उजवा गुडघा कालपासून संपावर. इकडे गोठ्यात बारा बादल्या पाणी नुसतं बसून आहे. बोटीच्या मागच्या अंगाला, अगदी बादलीच्या उंचीवर, पितळी बूच. हे असं बूच कुणी लावलं तर ते वापरावं म्हणूनच लावलं ना?

काल एक बादली काढली. आज एक. बूच फिरवलं, धार लागली, बादली भरली, बूच बंद. खाली चार थेंब सांडले ते लगेच पुसले. ओली फरशी मला बघवत नाही.

नात दुकानात गेलेली असते तेव्हाच काढते. उगाच तिच्या कामात अडथळा नको.

१३ एप्रिल, सोमवार

आज घरात सुतक असल्यासारखं. टाकीतलं पाणी दोन बोटं उतरलं.

नात बोटीखाली पालथी पडून, गाल जमिनीला लावून बघत होती. सुतार दुसऱ्या बाजूने. दोघांचे पाय तेवढे बाहेर.

"गळते आहे," सुतार खालून म्हणाला.

"मग ओल कुठे आहे?" नात दुसऱ्या बाजूने.

मी म्हटलं, "ओल कशी असेल? फरशी ठणठणीत आहे. मी स्वतः रोज पुसते."

पाणी जातं आणि कुठे दिसत नाही. सुतार म्हणाला, उन्हाने आटत असेल. नात म्हणाली, झाकलेल्या टाकीतून? मग दोघांनी मिळून सगळे सांधे बोटांनी चाचपले. संध्याकाळी तिने टाकी परत काठोकाठ भरली, नवी रेघ मारली, आणि एक चोपडी केली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी किती, ते त्यात लिहिणार.

जेवली नाही नीट. मी म्हटलं, "गळतीला उपाशी राहून काय होतं?" तर ताट सरकवून गेली. तिच्या बापावर गेली आहे. तोही चाक पंक्चर झालं की जेवायचा नाही.

वेलाला तीन कळ्या आल्या आहेत.

१५ एप्रिल, बुधवार

आज संध्याकाळी चोपडी घेऊन समोर बसली. "आजी, बघ. रोज अर्धं बोट. ना कमी ना जास्त. गळती असती तर टाकी रिकामी होत जाईल तशी मंदावली असती. ही मोजून जाते. अर्धं बोट म्हणजे मी हिशेब केला, बरोबर एक बादली."

माझ्या हातातला चमचा ताटात पडला.

बादली म्हटल्यावर डोक्यात लख्ख झालं. चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं बेरीज-वजाबाकीचं कळतं.

तोंडापर्यंत आलं होतं. पण ती म्हणाली, "ही गळती सापडेपर्यंत मी कुठे जात नाही." आणि भात वाढून घेतला, दोनदा. दोन दिवसांनी पोटभर जेवत होती. जेवणाऱ्याला मध्येच टोकू नये.

उद्या सांगीन.

१८ एप्रिल, शनिवार

सांगणार होते. पण सकाळी बघते तर बया टाकीचं झाकण उचकटून अर्धी आत. टाकीत तीन आडव्या फळ्या बसवलेल्या होत्या, भोकं पाडलेल्या. त्या कशाला तर पाणी एकदम इकडून तिकडे धावू नये म्हणून. त्या कापून काढत होती. त्यांच्या मागचे सांधे हाताला येत नाहीत म्हणे.

हातात करवत असलेल्या माणसाला काही सांगू नये. हे मी तीस वर्षं संसार करून शिकले आहे.

दुपारी तिन्ही फळ्या अंगणात पडल्या होत्या. चांगल्या घासून गुळगुळीत केलेल्या. सुताराने एक उचलली, उलटीसुलटी करून बघितली. "बिचारीने आठवडा घातला होता ह्यांच्यावर," म्हणाला. आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "काय बघतोस, चहा हवा का?" तर म्हणाला, "वेल फार जोरात आहे आजी तुमचा."

ह्या सुताराचे डोळे लाकडापुरते ठेवायला हवेत.

सगळे सांधे परत डिंकाने भरले, झाकण लावलं, टाकी काठोकाठ. आता गळणार नाही, ती म्हणाली. नसेलही.

२१ एप्रिल, मंगळवार

सकाळी अवचित पाऊस पडून गेला, चांगला तासभर. वेलाखाली चिखल झाला आहे. दुधी धरला, हाताच्या कोपराएवढा.

वेलाला आज पाण्याची गरज नव्हती. तरी एक बादली काढली. सवय झाली आहे. अंगणात ओतली, पावसात काय कळतंय.

मोठ्या तळ्यावरच्या बाईंचा फोन आला होता, त्या शाळा चालवतात. नात सांगत होती, एक छोटी अडचण आहे, होईल. फोन ठेवल्यावर नखं खात बसली. मी म्हटलं, काय म्हणाल्या? "तीस तारखेनंतर थांबणार नाहीत. दुसरा एक जण तयार आहे."

असेल. जगात बोटीवाले काय कमी आहेत.

२५ एप्रिल, शनिवार

आज गावाबाहेरच्या तळ्यावर बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली. मी छत्री घेऊन काठावर, सुतार दोरी धरून.

काल चोपडी बघून ती म्हणाली होती, "भरली की गळते. दाब जास्त होत असेल. आपण अर्धीच भरू." मला तेव्हाच कसंतरी वाटलं, पण का ते कळेना.

शीड वर गेलं, बोट निघाली. दिसायला छान दिसते, हे कबूल करायला हवं. मग वाऱ्याची एक झुळूक आली. झुळूकच, वारासुद्धा नाही. बोट थोडी कलली, आणि पोटातून आवाज आला. गडगड गडगड, आत कुणी पिंप लोटल्यासारखं. टाकीतलं पाणी सगळं त्याच कुशीला धावलं. कललेली होती ती आणखी कलली. नात बोटीच्या दुसऱ्या कडेवर जाऊन लटकली, तर पाणी मागून तिच्याकडे आलं आणि बोट तिकडे पडली. डोलकाठी पाण्यात, शीड पाण्यात, नात पाण्यात.

मी हसले. हे लिहून ठेवते, खोटं कशाला. मासा गिळलेल्या बगळ्यासारखी दिसत होती. मग हसता हसता थांबले, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

तीस वर्षं मी सायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून फिरले. घरून निघताना किटल्या भरलेल्या, तेव्हा सायकल जड पण शहाणी. शेवटी रिकाम्या, तेव्हाही काही नाही. मधेच, अर्ध्या झाल्या की जनावर व्हायची. वळणावर दूध एका अंगाला जायचं आणि सायकलही त्याच्याबरोबर. दोनदा गटारात गेले. मग मी अर्ध्या किटलीत गवताची जुडी खोचायला लागले. दूध अडायचं, धावायचं नाही.

काठावर येऊन ती केस पिळत होती तेव्हा म्हटलं, "बये, एक तर पूर्ण भर, नाहीतर रिकामी ठेव. अर्धी टाकी म्हणजे अर्धी किटली. ज्या बाजूला पडशील त्याच बाजूला ढकलते. आणि त्या तीन फळ्या म्हणजे माझी गवताची जुडी. त्या का काढल्यास?"

तिने केस पिळायचे थांबवले. "सांधे बघायला काढल्या, आजी. गळतीसाठी."

सुतार दोरी गुंडाळत होता. गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिला.

२६ एप्रिल, रविवार

काल रात्री नीट झोप नाही. गुडघा.

सकाळी नात चहाला आली, अगदी शांत. आरडाओरडा करते तेव्हा मला काळजी वाटत नाही. म्हणाली, "ठरवलं मी. पूर्ण भरली तर गळते, अर्धी भरली तर उलटते, रिकामी तर उलटतेच. तपासनीस नापास करणार. आज बाईंना फोन करून नाही सांगते. दुकानात दिवसभराचं काम घेते. इथेच राहीन, तुलाही सोबत होईल."

आणि मला थोपटलं. खांद्यावर. म्हातारीला थोपटतात तसं.

बरं झालं की. गोठा तसाच राहील, भुसा तसाच राहील, संध्याकाळी ताटावर समोर कुणीतरी. पण तोंड बघितलं तिचं. ते तोंड घेऊन ती रोज समोर जेवायला बसणार, वर्षानुवर्षं, आणि मी घास गिळणार. एवढी चिवट मीसुद्धा नाही.

उठले. गोठ्यामागे गेले, दुधी तोडला. दीड हात झाला आहे, वजनाला भक्कम. आणला आणि तिच्यासमोर पसरलेल्या बोटीच्या नकाशावर, बरोबर टाकीच्या चित्रावर ठेवला.

"हे काय?"

"तुझी गळती. शोधून आणली."

तिला कळेना. मग मी बूच सांगितलं, बादली सांगितली, फरशी पुसली ते सांगितलं. एकदम सांगून टाकलं, थांबले असते तर बोलले नसते.

ती दुधीकडे बघत होती. मग चोपडी उघडली. पानं उलटली. "एकोणीस तारखेला, रविवारी, उतरलंच नाही."

"रविवारी तू घरी असतेस."

"पंधरा तारखेला मी तुला सांगितलं, रोज एक बादली जाते. त्यानंतरही जात राहिली."

दुधीच्या देठावर एक मुंगी होती, ती काढली.

"का, आजी?"

"नळ लांब आहे."

बोट पानावर फिरवत आली आणि थांबली. "एकवीस तारखेला पाऊस होता. त्या दिवशीही अर्धं बोट उतरलंय."

"लिहिताना चुकली असशील."

आता भांडेल असं वाटलं. भांडली असती तर बरं, मला भांडता येतं. पण तिने चोपडी मिटली, आणि मग जे हसायला लागली ते नकाशावर डोकं टेकून. हसत होती की काय करत होती कोण जाणे, डोळे पुसत होती. मग उठली आणि ओरडली, "ए सुतारकाका! फळ्या कुठे आहेत त्या?"

सुतार दारातच होता. तिन्ही फळ्या त्याच्या काखेत. म्हणाला, "मी ठेवल्या होत्या उचलून. म्हटलं, लागतील."

हा माणूस पहिल्यापासून सगळं जाणून होता आणि माझ्या घरी चहा पीत होता.

२९ एप्रिल, बुधवार

रविवार-सोमवार नात आणि सुतार टाकीत. फळ्या बसल्या. काठोकाठ भरून दोन दिवस झाले, पाणी रेघेवरून तसूभर हललं नाही. बुचावर नातीने चिठ्ठी चिकटवली आहे: "आजी, हात लावू नकोस." जसं काही मी चोर आहे.

३० एप्रिल, गुरुवार

तपासनीस आला. बारीक, गळ्यात मोजपट्टी, बोलण्याआधी प्रत्येक गोष्ट मोजतो. मी त्याचं नाव मोजपट्टीच ठेवलं. माझी छत्रीसुद्धा डोळ्यांनी मोजली.

तळ्यात उतरवल्यावर बोटीच्या मागच्या बुचातून टाकी भरून घेतली, वरच्या भोकातून आतली हवा बाहेर. मोजपट्टीने नळी बघितली, मान हलवली. पहिली परीक्षा अशी की एक मोठं माणूस बोटीच्या अगदी कडेवर बसणार, आणि बोट ठरलेल्या खुणेपेक्षा जास्त कलायला नको. नात तर सुकाणूपाशी हवी. सुताराकडे बघितलं तर तो म्हणाला, मला पोहता येत नाही.

"मी बसते," मी म्हटलं.

मोजपट्टी म्हणाला, "आजी, वजन किती तुमचं?"

"तुमच्या आईला विचारलं होतं कधी?"

त्याने वहीत काहीतरी अंदाजे लिहिलं. तरंगायचं फुगीर जाकीट घालून मला कडेवर बसवलं. मला वाटलं, आता गेले. एका बाजूला मी, आणि खाली ज्या पाण्यातून मी इतक्या बादल्या पळवल्या ते पाणी. त्याने मनात राग धरला असता तर? पण बोट जरा वाकली आणि थांबली. भरल्या किटल्यांची सायकल. पोटातून आवाज नाही, गडगड नाही. खाली पाणी गप्प बसलं होतं.

मग मला उतरवलं आणि दुसरी परीक्षा. डोलकाठीच्या टोकाला दोरी बांधून दोघांनी ओढली, ओढली, पार शीड पाण्याला लागेपर्यंत. नात काठावर माझा हात धरून उभी. धरून कसली, चुरगळत होती. मोजपट्टी म्हणाला, "सोडा."

बोट क्षणभर तशीच पडून राहिली. मग उठली. सावकाश, पाठ दुखणाऱ्या माणसासारखी, पण उठली आणि सरळ उभी राहिली.

मोजपट्टीने तीन ठिकाणी सह्या केल्या. नातीने मला उचललं. ह्या वयात मला कुणी उचललेलं मला आवडत नाही.

३ मे, रविवार

सकाळी बोट चाकांच्या गाड्यावर चढली. तपासणीनंतर टाकी भरलेलीच घरी आली होती, ती निघण्याआधी रिकामी करायची होती.

मी म्हटलं, "महिनाभर पाण्यासाठी जीव काढलास, आणि आता सगळं ओतून टाकणार?"

"रस्त्यावर वजन नको, आजी. तिथे पाण्यात उतरले की परत मिळतं." मग बाजूला सरकली. "तूच काढ बूच. तुझा हात बसलाय."

काढलं. बारा बादल्या पाणी अंगणभर झालं, गोठ्यामागे वेलापर्यंत गेलं. मी पुसलं नाही.

सुतार गाडी चालवत गेला, परवा परत येईल. नातीने खिडकीतून हात केला. मला काही वाटलं नाही. कांदा चिरायला घेतला होता.

गोठ्यात गेले तर कोपऱ्यात एक मोठं निळं पिंप, विटांवर चढवलेलं. तळाशी पितळी तोटी, बरोबर बादलीच्या उंचीवर. बाजूला पारदर्शक नळी, वर पेन्सिलची रेघ. काठोकाठ भरलेलं. चिठ्ठी: "रोज एक बादली. संध्याकाळी फोन करीन, किती उतरलं ते सांगायचं."

कधी केलं हे कार्टीने.

७ मे, गुरुवार

रोज फोन येतो. "आजी, पाणी?" "दोन बोटं." "बरं." मग तिथल्या बाई कशा कडक आहेत, मुलं कशी पाण्यात पडतात, ते सांगते. मग ठेवते. पिंपाची एक बादली म्हणजे दोन बोटं, आणि बोलणं चार-पाच मिनिटंच.

आज मी म्हटलं, "सहा बोटं उतरलं."

"सहा? एका बादलीत?"

"एकच काढली. मला वाटतं तोटीपाशी गळतंय. कुणीतरी बघायला हवं. सुताराला काय कळतं त्यातलं."

ती म्हणाली, "गंभीर आहे. पुढच्या रविवारी सुट्टी आहे, येते बघायला."

"उगाच कशाला एवढ्या लांब."

"नाही, गळती म्हणजे गळती. आणि आजी, तोपर्यंत खालची फरशी पुसू नकोस हं. मला ओल बघायची आहे."

तीन बादल्या काढल्या होत्या आज. वेलाला एक, दोन अंगणात. फरशी मात्र आत्ताच पुसून बसले, कोरडी ठणठणीत.

रविवारी ती यायच्या आधी तोटीखाली तांब्याभर पाणी ओतून ठेवायचं. विसरता कामा नये.